सह्याद्रीचे पाणी आणि अहोरात्र जागणारी यंत्रे

(गडब, ता. पेण येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



गडबच्या एखाद्या घरातून नातवाचे छायाचित्र मोबाइलवरून पुण्याला जाते, तेव्हा ते हवेत साठत नाही. ऐरोली, महापे किंवा पनवेलच्या एखाद्या इमारतीतील यंत्रावर ते नोंदले जाते. अशा इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. समुद्रतळावरून येणाऱ्या संदेशवाहक केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. बँका आणि शेअर बाजारही तेथेच आहेत. म्हणूनच देशातील डेटा सेंटरची जवळजवळ निम्मी क्षमता मुंबई परिसरात एकवटली आहे.

ही यंत्रे विजेवर जगतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील सुमारे दीड टक्का वीज डेटा सेंटरनी वापरली. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून अधिक होईल. ही वीज कोळशातून आणायची की सूर्य, वारा आणि पाणी यांतून, हा आजचा प्रश्न आहे.

साधा हिशेब पाहू. १०० मेगावॉटचे केंद्र पूर्ण भाराने चालले, तर दिवसाला २४ लाख युनिट लागतात. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प दिवसाला सरासरी सव्वाचार ते साडेचार हजार युनिट देतो. म्हणजे तेवढ्या युनिटांसाठी साडेपाचशे मेगावॉटच्या आसपास सौर पटले हवीत आणि त्यांना दोन हजार एकरांहून अधिक जमीन हवी. एवढे करूनही अडचण उरतेच. सूर्य संध्याकाळी मावळतो. यंत्र मात्र रात्रीही झोपत नाही.

येथेच कागदी हिशेबाची पळवाट निघते. वर्षभरात जितके युनिट वापरले, तितकीच सौर वीज कोठून तरी विकत घेतली, की कंपनीला ‘शंभर टक्के हरित’ म्हणवून घेता येते. प्रत्यक्षात मध्यरात्री तिच्या यंत्रांना कोळशाचीच वीज पोहोचत असते. हिशेब वर्षाचा नव्हे, तासातासाचा मागितला पाहिजे.

त्याचे उत्तर याच जिल्ह्याच्या डोंगरात आहे. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. त्यामागून १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा आले. घाटमाथ्यावरचा पाऊस अडवून तो कोकणात उतरवायचा आणि त्या उतारातून मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायची, ही ती योजना. आज तिलाच उदंचनाची जोड देता येते. दुपारी सौर वीज मुबलक असताना पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि रात्री तेच खाली सोडून वीज मिळवायची. यात पाचव्या हिश्श्याच्या आसपास वीज खर्ची पडते, पण रात्र भागते. भिरा येथे १५० मेगावॉटचा असा संच आहे. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून चालू आहे. भिवपुरीत १००० आणि मावळातील शिरवता येथे १८०० मेगावॉटचे उदंचन प्रकल्प उभारण्याचा करार टाटा पॉवर आणि राज्य शासन यांच्यात २०२३ मध्ये झाला. पावसाळ्यात सौर वीज मंदावते, तेव्हा सातारा-सांगलीच्या पठारांवर वारा जोरात वाहतो. ऊन, वारा आणि पाणी यांची अशी सांगड निसर्गानेच महाराष्ट्राला दिली आहे.

मात्र या पाण्याला एक इतिहास आहे, तो विसरता येणार नाही. भिऱ्याच्या जनित्रांवर पडणारे पाणी मुळशीच्या धरणाचे आहे. त्या धरणासाठी मावळ्यांची शेते आणि घरे गेली. त्याविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. धरण झालेच. मुंबई उजळली, तिच्यासाठी ज्यांनी जमीन सोडली ते विस्थापित झाले. पेण तालुक्याने हा धडा पुन्हा वाचला. महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची की नाही, यावर २१ सप्टेंबर २००८ रोजी तालुक्यातील २२ गावांत जनमत घेतले गेले. शेतकऱ्यांनी ठाम नकार नोंदवला आणि ते भूसंपादन पुढे बारगळले. तो नकार प्रगतीला नव्हता; न विचारता लादलेल्या प्रगतीला होता.

म्हणून नव्या प्रकल्पांपुढे तीन अटी असाव्यात. डेटा सेंटरने आपल्या विजेचा तासावार हिशेब जाहीर करावा. साठवणुकीचा खर्च त्यानेच सोसावा, तो घरगुती ग्राहकाच्या बिलात उतरू नये. ज्यांच्या जमिनीवर पटले, मनोरे किंवा जलाशय येतील, त्यांना एकरकमी मोबदल्याऐवजी भाडे आणि उत्पन्नातील वाटा मिळावा. त्यांच्या गावाला आधी अखंड वीज मिळावी.

पावसाळ्यात वीज गेलेल्या ओटीवर कंदील लावून मूल अभ्यासाला बसते, त्या रात्री काही कोसांवरच्या इमारतीत हजारो यंत्रे झगमगत असतात. या दोन दिव्यांमधले अंतर मिटेल, तेव्हाच ती ऊर्जा खऱ्या अर्थाने अक्षय म्हणता येईल.