संप ओसरल्यानंतर

अमेरिकेत 1979 साली ‘मॉरल मेजॉरिटी’ स्थापन झाली आणि धर्मोपदेशक सामान्य मतदाराच्या वतीने राजकारणात बोलू लागले. बेंगळुरूत ती जागा प्रथम भाषेने घेतली.

1980-81 मध्ये तेथील सार्वजनिक उद्योगांतील कामगारांनी सुमारे अडीच महिने संप केला. कन्नड, तमिळ, उर्दू बोलणारे त्यात एकत्र होते. संप विफल झाला. पुढे 1982 मध्ये गोकाक अहवालासाठी जनसमुदाय रस्त्यावर उतरला; त्याचे नेतृत्व कामगार पुढाऱ्याकडे नव्हे, अभिनेते राजकुमार यांच्याकडे होते. कन्नडला शाळेत अग्रस्थान मिळावे, ही मागणी रास्तच होती. परंतु ऑक्टोबर 1994 मध्ये दूरदर्शनच्या दहा मिनिटांच्या उर्दू बातमीपत्रावरून दंगल उसळली, तेव्हा भाषाभिमान आणि धर्मद्वेष वेगळे ओळखू येईनात. वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. बातमीपत्र मागे घेण्यात आले.