साहेबापुढं बोलायचं कसं



पाड्यावर आपण घडाघडा बोलतो. पाहणीला साहेब आला की माना खाली. मग दावा कच्चा राहतो. वनहक्काच्या नियम 13 मध्ये म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब हा पुरावा आहे. मात्र तो दावेदार सोडून दुसऱ्याचा पाहिजे. म्हणजे शेजारच्या आजीचं बोलणं हाच कागद. तेव्हा आजी, "लई वर्षं कसतात" एवढ्यावर थांबू नका. 13 डिसेंबर 2005 च्या आधी कोण कसत होतं, नागली पेरली की वरई, बांध कुणी घातला, ते सांगा. आपल्या बोलीत सांगा, पोरं मराठीत लिहितील. लिहिलेलं मोठ्यानं वाचून घ्या, मगच अंगठा द्या. जोडीला आणखी एक पुरावा लावा.