थकलेल्या आईच्या अंगणातले खेळ

(महिला मेळाव्यात केलेले भाषण)



पाड्यांवरच्या लहान मुलांकडून आम्ही चित्रं, पानांची आणि मातीची खेळणी करून घेतो, त्याविषयी मी बोलावं असं संयोजक बहिणींनी सांगितलं. ते मी सांगणारच आहे. पण सुरुवात मुलांपासून न करता त्यांच्या आयांपासून करते. मला सातवा महिना चालू आहे आणि घरी अडीच वर्षांचा मुलगा आहे, तेव्हा बसूनच बोलते.

गरोदरपणी थकवा का येतो? बाळाला पोसायचं म्हणून आईच्या अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट व्हावं लागतं. त्या वाढीव रक्ताला लोह लागतं. ते अन्नातून मिळालं नाही तर हिमोग्लोबिन उतरतं. गरोदर बाईचं ते ११च्या खाली गेलं की तिला रक्तक्षय आहे असं समजतात. माझं माहेर नगरचं. तिथं दिवस गेले की आई, वहिनी, शेजारीण हातातलं काम काढून घेतात. जव्हारच्या डोंगरातल्या बहिणीला आठव्या महिन्यातही डोक्यावर हंडा आणि कडेवर पोर घेऊन चढण चढावी लागते. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. तिथं आई विटांची माती मळते आणि तिचं दोन वर्षांचं लेकरू शेजारी बसून बोटाएवढ्या विटा पाडतं. अशा बाईला "मुलाशी खेळत जा" असं सांगणं सोपं आहे. ती खेळणार कधी, आणि कोणत्या बळावर?

म्हणून आम्ही एकच कसोटी ठेवली आहे. खेळ असा हवा की त्यात मुलाचे हात गुंततील आणि आईची पाठ जमिनीला टेकेल.

याच भागात ही वाट पूर्वी कोणीतरी घालून दिली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढं ते डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारल्यांची मुलं शाळेत येईनात, कारण कोणाला गुरं राखायची होती, कोणाला धाकटं भावंड सांभाळायचं होतं. तेव्हा या बाया शाळाच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. शिंपले, खडे, पानं, बिया हीच साधनं. आज गावोगाव आपण ज्याला अंगणवाडी म्हणतो, तो शब्दच त्या कामातून आला. मुलाच्या घरी काय अडचण आहे हे आधी पाहायचं आणि मग शिकवायचं, हे आम्ही त्यांच्याकडून घेतलं.

आता खेळ सांगते. तुमच्या घरी सून किंवा मुलगी गरोदर असेल आणि पहिलं मूल पायात घुटमळत असेल, तर तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिला खेळ पाण्याच्या चित्राचा. वाटीत पाणी आणि टोक चेचलेली बांबूची काडी एवढंच लागतं. अंगणातल्या दगडावर मूल रेघा ओढतं. ओला दगड काळा दिसतो, उन्हानं वाळला की चित्र पुसलं जातं, आणि पाटी पुन्हा कोरी. कागद नाही, डाग नाही, आईला उठून पुसावं लागत नाही.

दुसरा पानांचा. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लालभडक होतात. हे दर वेळी घडतं आणि दर वेळी पोरं तितकीच चकित होतात. होळीच्या आधी पळस फुलतो. त्याची फुलं उकळून पाणी गार केलं की केशरी रंग मिळतो. चिमूटभर हळदीच्या पाण्यात खाण्याचा सोडा टाकला की पिवळ्याचं लाल होतं. चुन्यानंही होतं, पण चुना डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, म्हणून तो मुलाच्या हाती द्यायचा नाही.

तिसरा मातीचा. पुस्तकांतून मैद्याचा गोळा करून द्या असं सुचवतात. जिथं नागलीचं पीठ मोजून काढतात, तिथं पिठाशी खेळता येत नाही. बांधावरची चिकण माती चाळून भिजवली की तिचा बैल होतो, चूल होते, भाकरी होते. खेळ झाल्यावर दोघांचेही हात साबणानं धुवायचे, मुलाची नखं कापलेली ठेवायची, आणि अंगणवाडीत जंताच्या गोळीचा दिवस असेल तेव्हा मुलाला चुकवायचं नाही.

चौथा माझा सगळ्यात आवडता. त्याला आम्ही 'आईचं कुंपण' म्हणतो. आईनं चटईवर डाव्या कुशीवर पडायचं. मुलानं तिच्याभोवती पानं, काड्या, मोठे खडे मांडत कुंपण घालायचं. कुंपण पुरं होईपर्यंत आईनं हलायचं नाही, हा नियम. मुलं हा नियम फार कडक पाळून घेतात! आमच्या मुलानं मला एकदा पाऊण तास हलू दिलं नाही. मी तेवढा वेळ डोळे मिटून पडले आणि उठले तेव्हा संध्याकाळच्या कामाची ताकद आली होती.

एक सावधगिरी मात्र नीट ऐका. तीन वर्षांखालचं मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालतं. चिंचोके, शेंगदाणे, मणी श्वासनलिकेत अडकतात. गुंजा दिसायला सुंदर, पण चावली गेली तर जीवघेणी. एरंडाच्या आणि मोगली एरंडाच्या बियाही विषारी. बिया नकोतच. खडे घ्यायचे ते मुलाच्या मुठीएवढे, आणि जवळ कोणीतरी जागं माणूस हवंच.

हे 'जागं माणूस' कुठून आणायचं, तिथंच खरी गोष्ट आहे. अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा बायांना अंगणवाडीत एक वेळचं ताजं जेवण मिळतं. आमच्या पाड्यावर त्या जेवणानंतरचा एक तास आम्ही धरून ठेवला आहे. पाड्यातल्या दोन आज्या मुलांना घेऊन अंगणात बसतात आणि आया आत चटईवर आडव्या होतात. सुरुवातीला कोणी आडवं व्हायला तयार नव्हतं. दिवसा निजणारी बाई आळशी, असं ऐकतच त्या वाढलेल्या. तेव्हा मीच आधी चटई टाकून पडले. जरा वेळानं एक आली, मग दुसरी. आता बापसुद्धा येऊ लागले आहेत. गेल्या महिन्यात एकानं बांबूची बैलगाडी करून आणली आणि तास संपेपर्यंत पोरांसोबत तीच ओढत बसला.

याच तासात एक गोष्ट नजरेस आली. एक बहीण लेकराला मातीचा बैल करून देत होती, आणि मधूनमधून मातीचा तुकडा स्वतःच्या तोंडात टाकत होती. विचारलं तर लाजून म्हणाली, "चुलीची पण खाते, बरं वाटतं." गरोदरपणी माती खावीशी वाटणं ही पुष्कळदा रक्तक्षयाची खूण असते. दुसऱ्याच दिवशी नर्सताईंना बोलावून तिचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठच्या खाली होतं. डॉक्टरांनी उपचार सुरू केले आहेत. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, कारण चहानं लोह अंगी लागत नाही, हे तिच्या सासूलाही समजावलं. तिची प्रसूती अजून व्हायची आहे. ती निभावली असं मी आज सांगू शकत नाही. तिची आठवण प्रार्थनेत ठेवा.

पवित्र शास्त्रात एलीयाची गोष्ट आपण सर्वांनी वाचली आहे. तो रानात झुडपाखाली पडून मरण मागू लागला. देवाच्या दूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, आणि पुन्हा एकदा खाऊ घातलं. होरेबचा डोंगर त्यानंतर आला. थकलेल्या माणसाची सेवा कोणत्या क्रमानं करायची, ते मी त्या अध्यायातून शिकले.

तुम्ही पाठवलेले रंगखडू आणि चित्रवह्या मुलांनी आनंदानं वापरल्या. त्याबद्दल आभार मानते. पण या वर्षी विचाराल तर मी आधी तीन गोष्टी मागेन. आयांसाठी चांगल्या चटया. त्या दोन आज्यांना महिन्याचं थोडं मानधन, म्हणजे त्यांना तो तास मजुरीवर जावं लागणार नाही. आणि शेजारच्या पाड्यावरही असाच तास सुरू व्हावा म्हणून तुमचा हातभार.

आणखी एक मागणं आहे, त्याला पैसे लागत नाहीत. तुमच्या मंडळीत, तुमच्या गल्लीत एखादी गरोदर बाई लहान मुलामागं धावताना दिसेल. तिला सल्ला देऊ नका. मुलाचा हात धरा, वाटीभर पाणी आणि एक काडी घेऊन त्याला तुमच्या ओट्यावर बसवा, आणि तिला सांगा, "तासभर पड बाई, मी आहे इथं."

देव आपणा सर्वांस आशीर्वाद देवो.