गेटपासून पाण्यापर्यंत

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



निबंधाचा विषय पहिल्या परिच्छेदातच कळला पाहिजे, असं बाई सांगायच्या. म्हणून आधी विषय सांगतो. सार्वजनिक जलतरण तलाव अपंग माणसांना वापरता यावेत यासाठी काय लागतं, यावर मी बोलणार आहे. सरकारी कागदावर आता ‘दिव्यांग’ हा शब्द आहे. तुम्हाला जो बरा वाटेल तो वापरा. मी शब्दावरून भांडणार नाही, पायऱ्यांवरून भांडणार आहे.

माझा पोलिओ आणि माझे कॅलिपर तुम्हाला नवे नाहीत. आपला दहावीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. दोघं जण हातांची खुर्ची करून मला वर न्यायचे. पाळ्या कुणी लावून दिल्या नव्हत्या, तरी वर्षभरात एकही दिवस मी जिन्याखाली राहिलो नाही. हे ऋण मी आयुष्यभर मानत आलो आहे. त्याच हक्कानं आज एक गोष्ट सांगतो. सुट्टीत तुम्ही पोहायला जायचात, तेव्हा तुमचे कपडे, चपला आणि घड्याळं सांभाळत मी काठावर बसायचो. ‘चल, तुलाही उचलून पाण्यात सोडतो,’ असं कुणी म्हटलं असतं, तरी मी नाही म्हटलं असतं. गणवेशात, दप्तरासकट उचलून घेणं वेगळं आणि ओल्या अंगानं, चारचौघांदेखत उचलून घेणं वेगळं. शिवाय परत बाहेर कोण काढणार, ही काळजी डोक्यात असली की पाण्यात मजा कसली?

उचलून नेणं हे प्रेम आहे, सोय नव्हे. प्रेमाची बदली होते, लग्न होतं, कंबर धरते. भिंतीत बसवलेला कठडा मात्र रोज जागेवर असतो, आणि तो आपल्यावर उपकार करतोय असं वाटत नाही.

आता पाणीच कशासाठी, ते सांगतो. माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला, तर त्याच्या पायांवर साधारण निम्मंच वजन येतं. पाणी छातीपर्यंत आलं की ते पाव ते एक तृतीयांश उरतं आणि गळ्यापर्यंत आलं की जेमतेम दहावा हिस्सा. जमिनीवर जो पाय मला पेलू शकत नाही, तो पाण्यात पेलतो. चाळिशीनंतर फिजिओथेरपिस्टच्या आग्रहानं मी एका तलावात उतरलो. त्या तलावाच्या उथळ बाजूला रुंद पायऱ्या होत्या आणि दोन्हीकडे कठडा होता, बस. बसत बसत उतरलो. कॅलिपर काठावर होते आणि मी कुणालाही न धरता उभा होतो. जन्मात पहिल्यांदा.

सांगलीजवळच्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर तुम्हाला आता सिनेमामुळे माहीत झाले असतील. सैन्यात ते मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि त्यांच्यावर आपल्या कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात, ‘अश्विनी’मध्ये उपचार झाले. उपचाराचाच भाग म्हणून ते पोहू लागले. १९७२ साली जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक जिंकलं. भारताचं ते पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं, ते असो. मला महत्त्वाची वाटते ती आधीची पायरी: रुग्णालयातल्या कुणीतरी त्यांना पाण्यात उतरवलं. करमाळ्याचा सुयश जाधव शाळकरी वयात विजेच्या धक्क्यानं दोन्ही हात गमावून बसला, आणि २०१८च्या आशियाई पॅरा स्पर्धेत बटरफ्लायमध्ये सुवर्णपदक घेऊन आला. विदर्भातल्या कांचनमाला पांडे यांना दिसत नाही. २०१७ साली मेक्सिकोत त्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्ण जिंकल्या.

ही नावं घेतली की टाळ्या पडतात, हार-तुरे होतात. पण सत्कारानं कठडा बसत नाही. आमच्यातल्या बहुतेकांना पदक नकोच असतं. अर्धा तास पाण्यावर पाठ टेकून पडायचं असतं, तुमच्यासारखंच.

मग अडतं कुठे? गेटपासून पाण्यापर्यंत चालत जाऊ. आधी गेटच्या पायऱ्या. तिथे उतार हवा, आणि तो एकास बारा या प्रमाणात: एक फूट चढायला बारा फूट लांबी. तीन फुटांत एक फूट चढवलेला उतार मी पाहिला आहे. त्यावरून चाकाची खुर्ची वर जात नाही, माणसासकट मागे येते. मग कपडे बदलायची खोली. दार सुमारे ९० सेंटिमीटर रुंद, आत खुर्ची वळवायला दीड मीटर मोकळी जागा, बसून कपडे काढता येतील असा बाक. आईला मोठ्या मुलाला किंवा नवऱ्याला बायकोला मदत करायची असेल, तर त्यांनी पुरुषांच्या खोलीत जावं की बायकांच्या? त्यासाठी एक वेगळी खोली लागते. पुढे शॉवर, त्याला आडवा दांडा. मग काठापर्यंतची न घसरणारी फरशी.

आणि शेवटी ती उभी शिडी. तिला दोन धड हात आणि दोन धड पाय लागतात. इथे तीन-चार उपाय आहेत. कठड्याचा उतार थेट पाण्यात नेता येतो. त्यावरून न गंजणाऱ्या प्लास्टिक नळ्यांची खुर्ची ढकलत नेता येते. किंवा काठावर लिफ्ट बसवायची: आपण खुर्चीत बसायचं, बटण दाबायचं, खुर्ची पाण्यात उतरते. किंवा काठालगत साधारण दीड फूट उंचीची रुंद भिंत बांधायची. चाकाच्या खुर्चीवरून तिच्यावर सरकायचं आणि पाय पलीकडे टाकायचे. अमेरिकेत मोठ्या तलावांना आत जाण्याचे असे दोन मार्ग ठेवावे लागतात, त्यातला एक उतार किंवा लिफ्टच. तीनशे फूट परिघाचा तलाव तिथे मोठा धरतात. पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद ऑलिंपिक तलावाचा परीघ जवळपास पाचशे फूट होतो; गणित सरांनी तपासून पाहावं.

अंध माणसाला लेनचा दोर आणि काठ जवळ आल्याची खूण लागते. स्पर्धेत मऊ टोकाच्या काठीनं पोहणाऱ्याला हलकेच टोचणारा माणूस काठावर उभा असतो. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी जीवरक्षकाच्या शिट्टीचा उपयोग नाही. हाताची खूण किंवा दिवा हवा. यातली कितीतरी कामं पैशांची नाहीतच, शिकवण्याची आहेत.

या साखळीतली एक कडी तुटली की बाकीचा खर्च वाया. लिफ्ट आहे, पण दार अरुंद, तर ती लिफ्ट पाहुण्यांना दाखवायची. आणि शुल्कात सवलत दिली तर स्वागतच आहे, पण सवलतीची पावती हातात घेऊन शिडी उतरता येत नाही.

कायदा आपल्या बाजूनं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा. खेळाच्या जागा आम्हाला वापरता येतील अशा करा, असं त्यात आहे. त्याचे नियम जून २०१७ मध्ये आले आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला पाच वर्षं मिळाली. ती मुदत जून २०२२ मध्ये संपली. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ मध्ये केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सुगमतेचे निकष नुसते शिफारशीवजा चालणार नाहीत, काही गोष्टी बंधनकारक कराव्याच लागतील. म्हणजे आपण कुणाकडे दान मागत नाही, थकबाकी मागतो आहोत.

तुमचा यात काय संबंध? आपण सगळ्यांनी साठी ओलांडली आहे. मघाशी जेवायला जाताना किती जणांनी जिन्याचा कठडा धरला, ते मी मोजलं आहे. आकडा सांगून कुणाचा बेरंग करत नाही. डॉक्टर तुम्हाला सांगतात, गुडघ्यांसाठी पाण्यात चाला. ती शिडी आता तुमचीही वाट बघते आहे.

म्हणून एक काम सुचवतो. या सभागृहात स्थापत्य अभियंते आहेत, वकील आहेत, महापालिकेत उभी हयात काढलेले तिघे-चौघे आहेत, डॉक्टर तर पाच आहेत. एका रविवारी सकाळी, रीतसर परवानगी घेऊन, शिवाजी पार्कजवळच्या महात्मा गांधी स्मारक जलतरण तलावापासून सुरुवात करू. गेटपासून पाण्यापर्यंत प्रत्येक टप्पा मोजायचा. जे चांगलं असेल ते चांगलं म्हणून लिहायचं, जे अडतं ते इंच-फुटांत लिहायचं. सोबत एक चाकाची खुर्ची वापरणारा, एक न दिसणारा आणि एक न ऐकू येणारा माणूस असलाच पाहिजे. त्यांच्याशिवाय केलेली पाहणी म्हणजे न चाखता केलेला स्वयंपाक. अभियंत्यांनी नकाशा आणि खर्चाचा अंदाज काढावा, वकिलांनी अर्ज लिहावा, महापालिकावाल्यांनी तो कोणत्या टेबलावर द्यायचा आणि किती दिवसांनी पुन्हा विचारायला जायचं ते सांगावं. मग गिरगाव, परळ, लालबागच्या आसपासचे बाकीचे तलाव.

दारापाशी वही ठेवली आहे. जाताना नाव आणि फोन नंबर लिहा. आठ जण पुरेत. मोजपट्टी मी आणतो.