रुपेरी पडदा आणि हातातली विद्या
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस ‘चित्रपट आणि समाज’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. विषय अफाट आहे, आणि मागे पंगतीची तयारी चालली असल्याचा सुवासही येत आहे. तेव्हा त्यातला एकच धागा आम्ही हाती घेतो. हाताने करावयाचे काम आणि ते काम शिकणे, या दोन गोष्टी चित्रपट आपणांस कशा दाखवितो? आपण सुतार. बारा बलुत्यांत ज्यांची गणना होत आली, नांगरापासून देव्हाऱ्यापर्यंत ज्यांच्या हाताशिवाय गावाचे पान हलत नसे, अशा लोकांनी हा प्रश्न विचारला तर त्यात वावगे काही नाही.

आम्ही लहान असताना गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा येत असे. त्या तंबूत वडिलांच्या शेजारी जमिनीवर बसून आम्ही बी. आर. चोप्रा यांचा ‘नया दौर’ पाहिला. चित्रपट १९५७ सालचा. आमच्या गावी पोहोचेपर्यंत त्याच्या फिती बऱ्याच झिजल्या होत्या. पुढे २००७ साली तो रंगीत करून पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा आपल्यापैकी तरुण मंडळींनीही तो पाहिला असेल. दिलीपकुमार टांगेवाला, अजित त्याचा जिवलग मित्र, आणि गावाचे पोट सेठजींच्या लाकडाच्या कारखान्यावर. सेठजी यात्रेला जातात, शहरातून आलेला त्यांचा मुलगा विजेची करवत आणतो, आणि हाताने लाकूड कापणारे घरी बसतात. मग येते मोटार. टांगेवाल्यांच्या पोटावर पाय येतो, आणि टांगा व मोटार यांची शर्यत ठरते. शर्यतीसाठी सारा गाव खपून रस्ता बांधतो, वाटेत पूलही उभारतो.

तंबूतले सारे लोक टाळ्या पिटीत होते. आमचे वडील मात्र स्वस्थ होते. परतताना आम्ही विचारले, “आण्णा, तुम्हांला आवडला नाही का?” ते म्हणाले, “आवडला की. पण लेका, एका गाण्यात रस्ता झाला बघ. एवढ्या वेळात आमचं लाकूड निवडून होत नाही.” आणि थोडे पुढे गेल्यावर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “त्या करवतीचा एवढा राग कशाला? ती आपल्या मेटात आली तर ओढायचे कष्ट वाचतील, रंध्याला हात मोकळा होईल. करवत कुणाच्या मालकीची, एवढंच बघायचं.”

सुतारमेटाबाहेर फारसे न गेलेल्या माणसाचे हे बोलणे आम्हांस पुढे अनेकदा आठवले. चोप्रांच्या चित्रपटातही शेवटी नायक यंत्र मोडा असे म्हणत नाही. यंत्रही राहावे आणि माणूसही जगावा, असा मार्ग काढा, असेच त्याचे मागणे आहे. म्हणजे वडील आणि चित्रपटकर्ते यांचे मत काही फार दूर नव्हते. दूर होती ती दृष्टी. चित्रपटाला कामगाराचा घाम दिसला, त्याची भूक दिसली, त्याची एकजूट दिसली. त्याची विद्या दिसली नाही.

हेच आम्हांस पुढे पुष्कळ चित्रपटांत आढळले. बिमल रॉय यांचा ‘दो बीघा ज़मीन’ १९५३ सालचा. बलराज साहनींनी त्या भूमिकेसाठी कलकत्त्याच्या रस्त्यावर स्वतः रिक्षा ओढून सराव केला, आणि त्यांच्या श्रमाला पडद्यावर जो खरेपणा आला तो क्वचितच पाहावयास मिळतो. पण तेथेही काम म्हणजे यातना. वासन यांच्या ‘पैगाम’मध्ये (१९५९) अभियांत्रिकी शिकून आलेला नायक गिरणीत कामाला लागतो, शिक्षण आणि यंत्र यांची गाठ तेथे पडते खरी, परंतु कथेची धाव मालक-मजुरांच्या झगड्याकडे असल्यामुळे तो यंत्रापाशी काय करतो हे पाहण्याची सवड कोणास नाही. अगदी अलीकडचा, २०१८ सालचा ‘सुई धागा’ घ्या. शिंप्याच्या घराण्यातला मुलगा नोकरीतला अपमान सोडून पुन्हा शिवणयंत्रावर बसतो, ही गोष्ट आम्हांस मनापासून भावली. तरीही त्याच्या हाताला प्रतिष्ठा मिळते ती शहरातल्या स्पर्धेत टाळ्या पडतात तेव्हा. स्पर्धा हरला असता तर? शिवण तीच, टाके तेच. पण मग चित्रपट झाला नसता.

याला चित्रपटवाल्यांचा दुष्टावा म्हणणे अन्याय होईल. काम हे संथ असते, आणि तिकीट काढून आलेल्या माणसाला संथपणा सोसत नाही. बैलगाडीचे एक चाक करावयाचे म्हणजे बाभळीचे लाकूड मुरू द्यावे लागते, तुंबा कोरावा लागतो, आरे एकेक करून असे बसवावे लागतात की एकही सैल नाही आणि एकाही खाचेला तडा नाही. आरा बसला की नाही हे कारागीर ठोक्याच्या आवाजावरून ओळखतो. हे ओळखावयास आम्हांला वडिलांच्या हाताखाली किती वर्षे लागली ते सांगत नाही, कारण अखेरपर्यंत ते पूर्ण साधले नाही. कॅमेरा तर चेहऱ्यावर जाऊन थांबतो. हात क्षणभर दिसतात आणि जातात. कॉलेजातला नायक आपण शेकडो वेळा पाहिला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेत कानस धरावयास शिकणारा नायक निदान आमच्या पाहण्यात आला नाही; वास्तविक या संस्था कारागीर प्रशिक्षण योजनेखाली १९५० पासून देशभर निघाल्या आहेत आणि शिकाऊ उमेदवारांचा कायदाही १९६१ साली झाला आहे.

आता यातला विलक्षण भाग असा की, चित्रपट हा स्वतःच कारागिराच्या हातचा. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्यांच्या घरचे. त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले, छायाचित्रण आणि छपाई यांत हात काळे केले, १९१२ साली लंडनला जाऊन नवी विद्या पाहून आले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला. पुराणकथांचे चित्रपट करणाऱ्या याच गृहस्थांनी तळेगावच्या काच कारखान्यावरही लघुपट काढला, आणि चित्रपट कसा तयार होतो याचाही एक काढला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. शास्त्रीबुवांचा मुलगा कारागिरी शिकावयास गेला, आणि कारागिरांची मुले कारागिरीपासून दूर पळू लागली. काळाची गंमत म्हणावयाची, दुसरे काय!

आणि बाबूराव पेंटर तर आपल्या या करवीरनगरीचे. बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे त्यांचे नाव. सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम, रंगकाम ही सारी त्यांच्या घरातच होती. चित्रकला आणि शिल्प त्यांनी कोणत्या शाळेत जाऊन शिकले नाही. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविता रंगविता ते आणि त्यांचे बंधू आनंदराव यांना चित्रपटाचा ध्यास लागला. परदेशी कॅमेरा परवडण्यासारखा नव्हता, तेव्हा यंत्राची रचना अभ्यासून येथेच कॅमेरा घडवावयास त्यांनी घेतले. आनंदराव १९१६ साली वारले; काम थांबले नाही. १९१८ च्या सुमारास तो कॅमेरा सिद्ध झाला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली लोकांनी पाहिला. यंत्राचा एकेक भाग कानशीने घासून, बसवून, न बसल्यास पुन्हा घासून, असा तो कॅमेरा झाला असला पाहिजे. हे काम काय असते ते या सभेतल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको.

त्याच बाबूरावांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. कर्जापायी जमीन गमावून गिरणीत मजुरीला जाणारा शेतकरी त्यात होता, आणि ती भूमिका तरुण शांतारामांनी केली होती. आजूबाजूचे कष्टकरी जीवन इतक्या खरेपणाने दाखविण्याचा तो आपल्याकडचा अगदी आरंभीचा प्रयत्न. आम्हांस वाटते, हे काम ज्याच्या स्वतःच्या हाताला घट्टे पडले होते त्याच्याकडूनच व्हावयाचे होते.

बाबूरावांच्या कार्यशाळेत शिकले कोण? दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर. जात, धर्म कोणी विचारला नाही. ज्याने हात चालविला तो शिकला, आणि त्यांनीच १९२९ साली ‘प्रभात’ उभी केली. आपल्या घराण्यांतून मात्र हातची खुबी परक्यास, किंबहुना कधीकधी जावयासदेखील, न सांगण्याची रीत होती. कित्येक खुबी अशाच चितेवर गेल्या. हे कटू आहे, पण आपल्याच घरात बोलत आहोत म्हणून बोलतो. पुढे पुण्यातील ‘प्रभात’च्या जागेवर १९६० साली सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली. म्हणजे कार्यशाळेची शाळा झाली. ज्या पडद्यावर शिकाऊ कारागीर दिसत नाही, तो पडदा उमेदवारी करूनच उभा राहिला आहे.

असो. आता चित्रपटाला बोल लावून झाला. थोडे स्वतःकडे पाहू. गतवर्षी आपल्या गुणवंतांच्या सत्कारात पदवीधर झाले, डॉक्टर झाले, अभियंते झाले. त्यांचे अभिनंदन आम्हीही टाळ्या वाजवून केले. सुतारकामाच्या प्रशिक्षणात आपल्या केंद्रात पहिला आलेला एक मुलगा मात्र मागच्या रांगेत बसला होता. चौकशी केली तेव्हा कळले की आपल्या अर्जात तशा परीक्षेला रकानाच नाही. त्याच्या आईला आम्ही म्हणालो, “वहिनी, आम्ही मंडळाला सांगतो, नाव पुकारतील.” त्या माउलीने हात जोडले. म्हणाल्या, “नको भाऊजी. स्थळं बघतोय. चारचौघांत कशाला?”

त्या रात्री घरी जाऊन आम्ही आपल्याच वधूवर सूचक यादीची पाने चाळली. दोनदा चाळली. ‘फर्निचर व्यवसाय’ होता, ‘इंटिरिअर’ होते, ‘स्वतःचे वर्कशॉप’ होते. ‘सुतारकाम’ हा शब्द कोठेही नव्हता. चित्रपटाने आपल्याला लपविले म्हणावे, तर आपण तरी काय निराळे केले आहे?

मंडळापुढे आमच्या दोन विनंत्या आहेत. पहिली, शिक्षणनिधीतून पदवीच्या विद्यार्थ्याला जी रक्कम मिळते तीच औद्योगिक प्रशिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना मिळावी, आणि अर्जात तो रकाना छापून घ्यावा. छपाईचा खर्च नगण्य आहे. खजिनदारांनी मान हलविली, ती होकारार्थी समजतो.

दुसरी विनंती तरुणांना आहे. आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये कॅमेरा आहे. येथून जवळच्या गावी आपल्यातले एक वृद्ध कारागीर अद्याप बैलगाडीचे चाक पूर्ण हाताने करतात. रबरी टायरच्या गाड्या आल्यापासून मागणी राहिली नाही. तरी आम्ही बोललो तेव्हा ते एक चाक करून दाखवावयास तयार झाले. ते सारे काम, लाकूड तासण्यापासून लोखंडी धाव तापवून चढवीपर्यंत, चित्रित करावे; आणि गाणे न घालता, न कापता, जितका वेळ लागेल तितका वेळ करावे. पाहणारे थोडे निघाले तरी चालतील. धाव पहाटे तापवितात, तेव्हा आदल्या रात्री मुक्कामास जावे लागेल. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे, दिवाळीनंतर थंडीत हात आखडतात असे त्यांचे म्हणणे आहे. बाभूळ त्यांनी आणून ठेवली आहे. येथून कोण कोण येणार, त्यांनी पंगतीनंतर आम्हांस भेटावे.