एका ठिकाणी शिजवावे, सर्वांना वाढावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज हळदीच्या लोणच्यावर न बोलता मी शाळेतल्या संगणकावर बोलणार, हे ऐकून काहीजणी हसल्या. सातवी शिकलेल्या बाईचा संगणकाशी काय संबंध? पण मुले आपल्याच घरची आहेत. त्यांना यंत्रासमोर बसायला मिळाले की नाही, हे विचारायला सातवी पुरते.

माझ्या मुलीच्या वर्गाला घरच्या पाण्याचा हिशेब मांडण्याचा प्रकल्प होता. त्यासाठी एक लहानसा प्रोग्राम होता. तो प्रत्येक संगणकावर वेगवेगळा बसवायला घेतला. एक यंत्र नवे, दुसरे जुने, तिसऱ्यात जागाच नाही. तास संपला आणि मुली पाठीमागे उभ्याच राहिल्या. पुढे बेरजेत चूक सापडली, तेव्हा पुन्हा सगळी यंत्रे एकेक करून उघडावी लागली.

भगिनींनो, पन्नास पाने वाढायची असली तर आपण पन्नास चुली मांडतो काय? एका ठिकाणी शिजवतो आणि सर्वांना वाढतो. इथेही तसेच करता येते. प्रोग्राम एकाच मुख्य संगणकावर ठेवायचा. बाकीची यंत्रे शाळेतल्या तारेने किंवा वाय-फायने त्याला जोडायची. मोबाइलवर आपण ज्यातून माहिती पाहतो, तसल्या ब्राउझरमध्ये मुलांनी तो फक्त उघडायचा. चूक निघाली तर एकाच ठिकाणी दुरुस्त होते. मुलीने केलेले कामही मुख्य संगणकावर राहते, म्हणून दुसऱ्या दिवशी ती कोणत्याही यंत्रावर बसू शकते.

याला बाहेरचे इंटरनेट लागतेच असे नाही. नळाला पाणी आले नाही तरी गच्चीवरच्या टाकीतले पाणी घरात येतेच ना? तसेच हे आहे. २०१७ साली निघालेले कोलिब्री नावाचे मोफत सॉफ्टवेअर याच रीतीने चालते आणि ते मराठीतही आहे. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, अमेरिकेतील एम.आय.टी. आणि टाटा ट्रस्ट्स यांनी २०१५ साली 'क्लिक्स' हा उपक्रम सुरू केला. राजस्थान, तेलंगण, छत्तीसगड आणि मिझोराम येथील सरकारी शाळांत त्यांनी धडे शाळेतल्याच मुख्य संगणकावर ठेवले होते.

आपल्या महाराष्ट्रातही एक उदाहरण आहे. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट येथील लहानशा शाळेत २००७ साली मुलांना हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप मिळाले. ते मुख्य संगणकावाचूनही आपसात जोडले जात. एकाने लिहायला घेतले की दुसऱ्याला त्यात सामील होता येई. पडद्यावर चित्रे होती आणि केलेले काम आपोआप जपले जाई. मुलाने यंत्र शिकून मग धडा शिकावा असे नव्हते. यंत्रच मुलाच्या बेताचे केले होते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

एका चुलीचा धोकाही सांगते. ती विझली तर सगळी पंगत उपाशी. मुख्य संगणक बंद पडला की सगळा वर्ग थांबतो. म्हणून त्याला इन्व्हर्टर हवा आणि मुलांच्या कामाची नक्कल दर आठवड्याला वेगळी काढून ठेवायला हवी. तो सांभाळणारी माणसे दोन हवीत. एकाची बदली झाली तर कुलूप लागता कामा नये.

आता आपले काम. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. म्हणजे ती खुर्ची कोणी उपकार म्हणून दिलेली नाही. त्या खुर्चीवर बसून नुसती सही करू नका. चार प्रश्न विचारा. प्रोग्राम एका ठिकाणी आहे की प्रत्येक यंत्रावर? उघडायला किती गोष्टी दाबाव्या लागतात? नक्कल कोण काढतो? आणि मुलींची पाळी कधी येते?

हा शेवटचा प्रश्न विसरू नका. दोघांत एक यंत्र असले की पुष्कळदा मुलगा माउस धरतो आणि मुलगी बघत बसते. घड्याळ लावून पाळी बदलायला सांगा. आणि नवा प्रोग्राम वर्गात नेण्याआधी, जिने यंत्राला कधी हात लावला नाही अशा एका मुलीला त्यासमोर बसवा. तिला काही सांगू नका, नुसते पाहा. ती जिथे अडेल तिथे दोष तिचा नाही, प्रोग्रामचा आहे. तो तिथेच सुधारावा.

येत्या सभेला आपल्यापैकी दोघींनी तरी जावे, एवढी विनंती करून मी माझे दोन शब्द संपवते.