पदवी कुणाची, पैसा कुणाचा?

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत चौथ्या दिवशी झालेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे.)



कार्यवाहांनी हा विषय सुचवला तेव्हा मी त्यांना म्हटलं, अहो, मी डिप्लोमावाला. आमची परीक्षा तंत्रशिक्षण मंडळानं घेतली, विद्यापीठाची पायरी मी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. एखाद्या प्राध्यापकांना बोलवा. ते म्हणाले, "प्राध्यापक मागच्या वर्षी आले होते. कुणाला काही कळलं नाही. तुम्ही रुळाच्या भाषेत सांगा." तेव्हा रुळाच्या भाषेत सांगतो. चुकलं तर समोर बसलेल्या पदवीधरांनी सांभाळून घ्यावं.

आपल्या मांडवात दरवर्षी एसएसएलसी आणि पीयूसी झालेल्या मुलांचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, फोटो. त्यानंतर ही मुलं कुठं जातात, हे मंडळाला फारसं ठाऊक नसतं. त्यातल्याच एकाची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. घरचा धंदा गलाईचा, मूळ गाव आटपाडीकडचं. मुलगा बी.कॉम. झाला, रेल्वेची परीक्षा पास झाला, कागदपत्रं तपासायला बोलावणं आलं. तिथं मूळ मार्क्स कार्ड लागतं. याचं शेवटच्या सेमिस्टरचं कार्ड छापूनच आलेलं नव्हतं. निकाल नेटवर होता, कागद हातात नव्हता. पोरानं सात-आठ खेपा घातल्या, एकदा त्याच्याबरोबर मीही गेलो. परीक्षा विभागात तीन टेबलं होती आणि माणूस एक. तो बिचारा उद्धट नव्हता, उलट त्यानं आम्हाला बसायला खुर्ची दिली. म्हणाला, "सर, दोन जण रिटायर झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही." तारीख उलटली, संधी गेली. मुलगा आता दुकानात हिशेब लिहितो. वडील म्हणाले, नशीब.

मला ते नशीब वाटलं नाही. आमच्या खात्यात एखाद्या सेक्शनला ट्रॅकमेंटेनर कमी पडले की तिथं गाडी हळू चालवायची कॉशन ऑर्डर निघते. ड्रायव्हरला ते कागदावर लिहून मिळतं. विद्यापीठांत अर्धं खातं रिकामं असतं, पण कॉशन ऑर्डर कुणी काढत नाही. आपण पूर्ण भरवशानं पोरांना गाडीत बसवतो.

म्हणून मी थोडं वाचलं, थोडं विचारलं. सुरुवात आपल्या दारापासूनच करू.

चिकपेटेतून चालत निघालात तर अर्ध्या तासात सेंट्रल कॉलेज येतं. १८५८ साली सुरू झालेली ही संस्था. आधी ती मद्रास विद्यापीठाखाली होती. १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ झालं, त्याखाली आली. १९६४ साली बेंगळूर विद्यापीठ झालं, त्याखाली गेली. २०१७ मध्ये बेंगळूर विद्यापीठाचे तीन तुकडे झाले, तेव्हा बेंगळूरु सेंट्रल विद्यापीठ इथंच बसलं. पुढं त्याचं सिटी विद्यापीठ झालं आणि मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याला डॉ. मनमोहन सिंग यांचं नाव देण्याची घोषणा झाली. इमारत तीच, पाट्या बदलत्या.

याच कॉलेजातून सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बी.ए. झाले आणि म्हैसूर सरकारच्या मदतीनं पुण्याला सायन्स कॉलेजात गेले. १८८३ साली एलसीईच्या परीक्षेत पहिले आले. एलसीई म्हणजे लायसेन्शिएट, आजच्या अर्थानं डिग्री नव्हे. हे मी मुद्दाम सांगतो, आम्हा डिप्लोमावाल्यांना तेवढाच आधार! पण लक्षात घ्या, म्हैसूरच्या तिजोरीनं एका गरीब मुलाला मुंबई इलाख्यात शिकायला पाठवलं आणि त्यानं दिवाण होऊन म्हैसूरला विद्यापीठ मिळवून दिलं. कृष्णराज वडेयर महाराज त्याचे कुलपती. पैसा संस्थानचा, अधिकारही संस्थानचा. जो बिल भरत होता तोच सही करत होता.

गंमत बघा, त्याच १९१६ साली पुण्यात अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. सरकारची मान्यता नाही, तिजोरी नाही, कॉलेजात पहिल्या वर्षी पाच मुली. अण्णासाहेब गावोगाव वर्गणी मागत फिरले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, नाथीबाईंचं नाव लागलं. सरकारी मान्यता मिळायला १९५१ साल उजाडलं. तिथंही तोच हिशेब: ज्यांनी पैसा दिला त्यांचा शब्द राहिला, पण कुणी दिला हे सगळ्यांना माहीत होतं.

आजच्या सरकारी विद्यापीठाचा हिशेब असा सरळ नाही. सरकार मंजूर जागांचे पगार देतं. पण जागाच भरल्या नाहीत तर पगारही द्यावा लागत नाही, आणि काम तासावर बोलावलेल्या पाहुण्या शिक्षकांकडून करून घ्यायचं, ज्यांचं मानधन बहुतेक ठिकाणी विद्यापीठालाच आपल्या खिशातून काढावं लागतं. हा खिसा कशानं भरतो? कॉलेजांच्या संलग्नता शुल्कानं आणि परीक्षेच्या फीनं. म्हणजे तुमच्या-आमच्या मुलांनी भरलेल्या पैशानं. केंद्राचा पैसा यूजीसीकडून येतो, २०१३ नंतर 'रूसा' आणि २०२३ पासून 'पीएम-उषा' योजनेतून येतो, पण तो बहुतेक इमारती-उपकरणांसाठी. कारकुनाचं रिकामं टेबल त्यानं भरत नाही.

थोडक्यात, जितकी कॉलेजं जास्त तितकी विद्यापीठाची कमाई जास्त. बेंगळूर विद्यापीठाकडं फाळणीपूर्वी सहाशेच्या वर कॉलेजं होती. एवढ्या कॉलेजांच्या उत्तरपत्रिका तपासताना जीव जातो, पण पेट्या तिथूनच भरतात. कमाईचा मोह कुठवर नेतो याचं उदाहरण याच राज्यात आहे. म्हैसूरच्या मुक्त विद्यापीठानं राज्याबाहेर केंद्रं चालवली, २०१५ मध्ये यूजीसीनं मान्यता काढली, ती परत मिळायला २०१८ उजाडलं. मधल्या काळातल्या मुलांचे हाल विचारू नका.

आता फाळणीकडं येतो. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

१ एप्रिल २००३ ला आमची दक्षिण पश्चिम रेल्वे सुरू झाली, मुख्यालय हुबळी. बेंगळूर आणि म्हैसूर डिव्हिजन दक्षिण रेल्वेतून निघालं, हुबळी डिव्हिजन दक्षिण मध्य रेल्वेतून. रूळ, इंजिनं, माणसं, सगळं वाटलं गेलं. पण जे रिटायर झाले होते त्यांची पेन्शन एक दिवसही थांबली नाही. कारण पेन्शन कुठल्या झोनच्या खिशातून जात नाही. सबंध रेल्वेचा पेन्शन फंड एकच आहे आणि अलीकडच्या वर्षांत त्यातून वर्षाला साठ हजार कोटींहून अधिक रक्कम जाते. हा बोजा रेल्वेला जड आहे, पण तो एका डोक्यावर आहे.

विद्यापीठाचे तुकडे होतात तेव्हा उलटं घडतं. कॉलेजं नव्याकडं जातात, त्यांच्याबरोबर फी जाते. निवृत्त माणसं मात्र जुन्याच विद्यापीठाच्या पानावर राहतात. २०२२ च्या सुमारास कर्नाटकात दहा नवी विद्यापीठं निघाली. हासन, मंड्या, चामराजनगर, कोडगू, हावेरी, कोप्पळ, बागलकोट, बीदर आणि इथली दोन. म्हैसूर विद्यापीठाची हासन, मंड्या आणि चामराजनगरची कॉलेजं गेली, म्हणजे परीक्षेची फी गेली, आणि शंभर वर्षांहून जुन्या विद्यापीठाच्या निवृत्तांची पेन्शन कुठून द्यायची हा प्रश्न वर्तमानपत्रांत आला. नव्यांची अवस्था काय? पुरेशी माणसं नाहीत, पुरेसा पैसा नाही. बऱ्याच ठिकाणी जुन्या पदव्युत्तर केंद्रावर पाटी बदलली. फेब्रुवारी २०२५ मध्ये उपमुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळ उपसमितीनं यातली नऊ बंद करून फक्त बीदर ठेवावं अशी शिफारस केली. त्यावर त्या त्या जिल्ह्यांत आंदोलनं झाली. जिल्ह्याच्या लोकांचं मला समजतं. बागलकोटच्या मुलीला मार्क्स कार्डासाठी लांबच्या गावी खेपा घालाव्या लागू नयेत, ही मागणी खोटी नाही. पण नवं स्टेशन जाहीर करताना स्टेशनमास्तरची पोस्ट मंजूर करायची नाही, हा कुठला न्याय? उघडणाऱ्यांनी पैसा ठेवला नाही, बंद करू म्हणणाऱ्यांनी आधीच्यांना दोष दिला. दोन्ही पक्षांबद्दल माझं मत सारखंच आहे, तेव्हा कुणी राग मानू नये.

मग निर्णय घेतं कोण? कर्नाटकचा २००० सालचा विद्यापीठ कायदा मी दोन रविवार बसून वाचला. राज्यपाल कुलपती. शोध समिती नावं सुचवते, त्यातून कुलपती राज्य सरकारच्या संमतीनं कुलगुरू नेमतात. कुलगुरूंची मुदत चार वर्षं. खाली सिंडिकेट, विद्या परिषद, वित्त समिती. यात पालक कुठं, साधा पदवीधर कुठं, हे मी शोधत होतो. महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्यानं अधिसभा आहे, म्हणजे सिनेट. नाव नोंदवलेले पदवीधर तिच्यात दहा प्रतिनिधी मतदानानं पाठवतात. मुंबई विद्यापीठात २०२४ च्या सप्टेंबरात अशी निवडणूक झाली. इथल्या कायद्यात सिनेटच नाही. आपला मुलगा इथं पदवीधर झाला तरी त्याला तिथं मत नाही.

अर्थात सिनेट असून सगळं सुरळीत होतं असंही नाही. २०१७ साली मुंबई विद्यापीठानं सगळ्या उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचं ठरवलं. सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका, तयारी अपुरी. निकाल महिनोन् महिने रखडले, परदेशी जाणाऱ्या मुलांचे प्रवेश अडचणीत आले, आणि ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. आमच्याकडं नवी सिग्नल यंत्रणा बसवताना जुनी लगेच काढत नाहीत. तपासणी होते, ब्लॉक घेतला जातो, मग गाडी सोडतात. तिथं भर गर्दीच्या दिवशी सांधे बदलले. महाराष्ट्रात २०२१ साली कुलगुरू निवडीत राज्यपालांचे अधिकार कमी करणारं विधेयक आलं, सरकार बदलल्यावर मागं घेतलं गेलं. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीनं कुलगुरू नेमणुकीचा नवा मसुदा काढला, त्याविरुद्ध काही राज्यांचे मंत्री फेब्रुवारीत इथं बेंगळूरातच जमले. कुलगुरू कोण नेमणार, यावर राज्यपाल, मंत्री, दिल्ली सगळे भांडतात. पेन्शन कोण देणार आणि रिकामं टेबल कोण भरणार, यावर इतक्या हिरिरीनं कुणी भांडल्याचं माझ्या वाचनात नाही.

धोरण बदललं की काय होतं ते बघायला विधानसौधेत जायला नको, अव्हेन्यू रोडवर जा. २०२१ मध्ये कर्नाटकानं चार वर्षांची पदवी आणली, २०२४ मध्ये परत तीन वर्षांची केली. मधल्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकांचा ढीग जुन्या पुस्तकवाल्याकडं मी पाहिला. किलोवर देतो म्हणाला.

आता घरचं सांगतो. माझी मुलगी यंदा पीयूसी झाली. तिला बी.एस्सी. करायचंय, सरकारी कॉलेजात. मी आणि सौ. दोघंही खाजगी विद्यापीठाचं बघत होतो; तिथं निकाल वेळेवर लागतो, कागद हातात मिळतो. फीचा आकडा ऐकून पीएफमधून काढायचा विचार केला. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही सरकारी रेल्वेत आहात आणि मला सरकारी कॉलेज नको म्हणता?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिचा प्रवेश सरकारी कॉलेजातच घेतला. भीती अजून गेलेली नाही.

पण प्रवेशाआधी मी चार गोष्टी विचारल्या, त्या तुम्हालाही सांगतो. हे कॉलेज आज कुठल्या विद्यापीठाखाली आहे आणि तीन वर्षांनी कुठल्या असेल? तिच्या विषयाला कायम शिक्षक किती, पाहुणे किती? मागच्या वर्षी परीक्षा कधी संपली आणि मार्क्स कार्ड हातात कधी आलं? प्राचार्य पहिल्यांदा चमकले. मग म्हणाले, पालकांपैकी हे कुणी विचारत नाही. चौथा प्रश्न मी माहितीच्या अधिकारात विद्यापीठाला टाकलाय: परीक्षा विभागात मंजूर जागा किती, भरलेल्या किती. अर्ज दहा रुपयांत होतो. उत्तर आलं की मंडळाच्या फलकावर लावीन.

त्या बी.कॉम.च्या मुलाची वयाची अट अजून दोन वर्षं शिल्लक आहे. पुढच्या भरतीला तो बसतोय, आणि आता मार्क्स कार्ड त्याच्याकडं आहे. मागच्या रविवारपासून आमच्या दोन सहकाऱ्यांनी त्याला आणि आणखी पाच जणांना मंडळाच्या खोलीत गणित शिकवायला घेतलंय. ज्यांची मुलं पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहेत त्यांनी कार्यवाहांकडं नावं द्यावीत, कुणाचे कागद अडले आहेत त्याची यादी करून आपण एकत्रच कचेरीत जाऊ. एकट्या मुलाला खिडकीवरून परत पाठवतात, दहा पालकांना बसायला खुर्च्या द्याव्या लागतात.

आरतीला अजून वीस मिनिटं आहेत. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. काका, तुमचा हात मघापासून वर आहे.